भुईगावचा दगड आणि माझी फ्लॉपी

वसई स्टेशनजवळ माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतपेढ्यांचे अहवाल, निवडणुकीची पत्रकं असं सगळं तिथं जुळवलं. कॉलेज मी अर्ध्यावर सोडलेलं. इतिहासाचं जे काही वाचलं ते गिऱ्हाईक नसतानाच्या वेळात, त्याच टेबलावर. त्यामुळे या लेखात शास्त्रशुद्धतेपेक्षा अनुभव जास्त आहे, हे आधीच सांगून टाकतो.

१९९८ साली पश्चिमेकडच्या एका वाडीतल्या आजी नातवाला घेऊन दुकानात आल्या. सामवेदी बोलीतली लग्नाची गाणी त्यांना 'छापून' हवी होती. या बोलीला कादोडी असंही म्हणतात. आजींना लिहिता येत नव्हतं. त्या म्हणायच्या, मी टंकायचो. महिनाभर दुपारी हे काम चाललं आणि ५२ गाणी झाली. मी त्या समाजाचा नाही. त्यांचे काही स्वर मला नीट ऐकूही येत नव्हते, मग लिहिणार कसे? तेव्हा मी एक युक्ती केली. फाँटमध्ये ॡसारखी मराठीत जवळजवळ कधीच न लागणारी काही चिन्हं होती. त्यातली नऊ चिन्हं फाँट दुरुस्त करायच्या प्रोग्रॅमात उघडून मी त्यांच्या जागी मात्रा आणि टिंबं जोडून नवी अक्षरं बसवली. कोणतं चिन्ह कोणत्या स्वरासाठी, हे एका वहीत लिहून ठेवलं. या हुशारीचा मला वीस वर्षं अभिमान होता.

दोन छापील प्रती निघाल्या. एक आजींकडे गेली, एक माझ्याकडे राहिली. फाइल फ्लॉपीवर, पुढे सीडीवर. संगणक बदलला तेव्हा जुनी हार्ड डिस्क भंगारात गेली आणि तिच्याबरोबर तो दुरुस्त केलेला फाँटही गेला. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात बुडालं. तळमजल्यावर ठेवलेली माझी प्रत आणि ती वही यांचा लगदा झाला. आजी त्याआधीच वारल्या होत्या. त्यांची प्रत कुठे गेली ते घरात कुणालाच सांगता येईना. उरली ती एक सीडी. ती उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टक्केचिन्हं आणि कंस यांची खिचडी दिसायची.

ही खिचडी का होते, ते थोडक्यात सांगतो. त्या काळच्या फाँटमध्ये फार तर २५६ घरं असत. इंग्रजी अक्षरांच्या त्या घरांमध्ये देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: एका घरात काना, दुसऱ्यात वेलांटी, तिसऱ्यात अर्धा म. संगणकाला मराठी कळतच नव्हतं. त्याला फक्त घराचा क्रमांक माहीत होता. फाँट काढून घेतला की मराठीही गेली. युनिकोडने ही पद्धत बदलली. तिथे 'क' या अक्षरालाच स्वतःचा कायमचा क्रमांक आहे, २३२५. फाँट कोणताही असो, क हा क राहतो. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा देवनागरी फाँट आला आणि घरोघरच्या संगणकांवर ही सोय पोचली. तो घडवणारे प्रा. र. कृ. जोशी हे कवी आणि सुलेखनकार. जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक म्हणून काम करून ते पवईच्या आयआयटीत, १९६९ साली सुरू झालेल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवायला गेले आणि नंतर एनसीएसटीत भारतीय लिप्यांच्या फाँटवर काम करत राहिले. २००८ साली ते गेले. आज मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेले 'मुक्त' आणि 'बलू' यांसारखे फाँट कुणालाही फुकट वापरता येतात. माझ्या दुकानाच्या काळात ही चैन नव्हती.

तीन वर्षांपूर्वी एक मुलगी माझं नाव विचारत घरी आली. नालासोपारा पूर्वेला राहणारी, मुंबईत डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला. प्रकल्पासाठी तिला आपल्या तालुक्यातला विषय हवा होता. "काका, तुमच्याकडे जुनं काही डिजिटल आहे का?" असं तिनं विचारलं. या वयाच्या मुलीच्या तोंडी 'जुनं' आणि 'डिजिटल' हे शब्द एकत्र ऐकून मला हसू आलं. मी तिच्या हातात सीडी दिली. ती वाचू शकणारं यंत्र शोधायलाच तिचे दोन दिवस गेले.

मूळ फाँट माहीत होता, त्यामुळे तो मजकूर युनिकोडमध्ये आणणारं साधन तिला मिळालं. खिचडीतून मराठी वर आली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण लगेच ती म्हणाली, "काका, लग्नाच्या गाण्यात दर चार शब्दांनी ॡ कुठून येतो?" माझीच नऊ चिन्हं होती ती. जिथे जिथे बोलीचा खास स्वर होता, नेमकी तिथे तिथे माझी युक्ती आडवी आली होती. प्रमाण मराठीशी जुळणारं सगळं वाचलं होतं. जे फक्त त्यांचं होतं, तेवढंच गेलं होतं. वहीत काय लिहिलं होतं ते मला आठवेना. टंकणारा मीच, तरी माझाच मजकूर मला वाचता येत नव्हता.

त्या रात्री मी कपाटातून सोपाऱ्याची टिपणं काढली.

सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा ढिगारा खणला. तो स्तूप निघाला. आत दगडी पेटी, पेटीत एकात एक ठेवलेले करंडक आणि भोवती बुद्धांच्या आठ मूर्ती. त्याच वर्षी भातेला तलावाजवळ त्यांना अक्षरं कोरलेला एक फुटका दगड मिळाला. त्यावर मोजकेच शब्द शिल्लक होते, पण हा अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा आहे हे भगवानलालांनी ओळखलं. कसं ओळखलं? ते जुनागडचे, १८३९ चा जन्म. गिरनारच्या पायथ्याच्या खडकावर अशोकाचे चौदाही लेख कोरलेले आहेत आणि जुने लेख वाचायची गोडी त्यांना तिथेच लागली. सोपाऱ्याचा दगड फुटला होता, पण त्याच मजकुराच्या प्रती इतरत्र शाबूत होत्या. एका प्रतीने दुसरी प्रत वाचवली.

त्याही आधीची गोष्ट महत्त्वाची आहे. अशोकाचे दगड उन्हापावसात टिकले, पण मधल्या काळात ते वाचणारं कुणी उरलं नाही. लोक त्यांच्याकडे पाहत, पण शब्द कळत नव्हते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी सांचीच्या कठड्यावरचे छोटे छोटे लेख समोर ठेवले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक लेखाच्या शेवटी तीच दोन अक्षरं येतात हे त्यांच्या लक्षात आलं. लोकांनी स्तूपाला काहीतरी दिलं असणार, म्हणून तो शब्द 'दानं' असावा, असा त्यांनी तर्क केला. तिथून ब्राह्मीचं कुलूप उघडलं.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी त्या मुलीला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग आपल्याकडे पालुपद आहे ना!" गाण्यांमध्ये पालुपद असतं, तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. प्रत्येक चिन्ह किती वेळा आलं, कोणत्या अक्षरानंतर आलं आणि ओळीत कुठे आलं, याचा तिनं तक्ता मांडला. मग छापलेली पानं घेऊन आम्ही दोघं त्या वाडीत गेलो.

तिथल्या बायका दुपारी फुलं ओवत बसल्या होत्या. मुलगी ओळ वाचायची आणि चिन्ह आलं की थांबायची. बायका ती जागा भरायच्या. पहिल्या दिवशी तीन चिन्हं सुटली. एका मावशींनी मात्र माझ्याकडे बघून विचारलं, "ह्ये असं कोणी लिव्हलं?" मी मान खाली घातली. चार रविवारांत सात चिन्हं लागली. दोन चिन्हांवर एकमत होईना. एका वाडीत एक उच्चार, पलीकडच्या वाडीत दुसरा. आजींचा उच्चार नक्की कोणता होता हे सांगायला आजीच नव्हत्या. ती दोन चिन्हं पाच गाण्यांत आहेत. आम्ही तिथे अंदाज लिहिला नाही, जागा मोकळी सोडली.

यातून दोन प्रश्न निघाले, ज्यांचा मी दुकानात बसून कधीच विचार केला नव्हता. पहिला: गाणी कुणाची? मुलीला ती सर्वांसाठी खुली करायची होती. बायकांनी ५२ पैकी ११ गाणी बाहेर द्यायला नकार दिला. ती फक्त बायकांमध्ये म्हणायची आहेत, पुरुषांच्या कानावर जायची नाहीत. आजींनी ती मला सांगितली होती, हे ऐकून त्या आधी गप्प झाल्या आणि मग खूप हसल्या. ती ११ गाणी आता वाडीतच आहेत. बाकीचीही छापायच्या आधी विचारायचं असं ठरलं आहे, म्हणून या लेखात मी एकही ओळ दिलेली नाही.

दुसरा प्रश्न तिच्या शिक्षकांचा. पहिल्या सादरीकरणात तिला विचारलं गेलं, यात डिझाइन कुठे आहे? ॲप कुठे आहे, पडदे कुठे आहेत? ती रडवेली होऊन माझ्याकडे आली. तिनं ॲप केलं नाही. तिनं काय केलं, ते सांगतो. गाणी युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवली. प्रत्येक गाण्यासोबत वाडीतल्या आवाजातलं ध्वनिमुद्रण जोडलं. आणि एका पानाचा तक्ता केला: कोणतं चिन्ह कोणत्या स्वरासाठी, कुणी सांगितलं, कुठे मतभेद आहेत. तो तक्ता मोठ्या अक्षरांत कागदावर छापून सहा घरांत दिला. शेवटच्या परीक्षेत तिनं तोच तक्ता पुढे ठेवला आणि म्हणाली, "हे माझं डिझाइन." गुण बरे पडले. आता ती बंगळुरूला नोकरी करते.

अशा प्रकल्पांचं पुढे काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. विद्यार्थी येतात, फोटो काढतात, विहिरी आणि वाडे 'डिजिटल' करतात आणि परीक्षा संपली की सगळं एखाद्या लॅपटॉपमध्ये राहून जातं. त्यांना मी नावं ठेवणार नाही, कारण मीही तेच केलं होतं. आजींची बोली मी जपली असं मला वाटत होतं. खरं तर ती मी माझ्या कुलपात ठेवली होती आणि किल्ली माझ्याच वहीत होती. मजकूर टिकवायचा तर प्रती अनेक हव्यात, आणि वाचायची किल्ली मजकुराच्या धन्याकडे हवी. गिरनार नसता तर सोपाऱ्याचा दगड ओळखणं किती अवघड गेलं असतं! आणि वाडीतल्या बायका नसत्या तर माझी सीडी नुसती चकती होती.

एक गोष्ट राहिली. १९५६ साली वसईजवळच्या भुईगावात अशोकाचा आणखी एक लेख सापडला. ना. अ. गोरे यांनी तो उजेडात आणला. तो नववा शिलालेख. त्याचा विषय आहे 'मंगल'. आजारपणात, मुलामुलींच्या लग्नांत, बाळ जन्मल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना मंगलविधी करतात. विशेषतः बायका पुष्कळ क्षुल्लक आणि निरर्थक विधी करतात. त्यापेक्षा धम्ममंगल करावं, ते खरं फळ देतं, असा त्याचा आशय. हा दगड जिथे सापडला त्याच पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये बायका आजही लग्नात गाणी म्हणतात. सम्राटाला जे क्षुल्लक वाटलं ते दगडाशिवाय, लिपीशिवाय, एकीकडून दुसरीकडे सांगत इथवर आलं, आणि दगड मात्र मधे कित्येक शतकं मुका होता. यात सम्राटाला खोटं पाडायचा हेतू नाही. त्याने तोच मजकूर ठिकठिकाणी कोरून घेतला, म्हणून तर आपल्याला तो वाचता येतो.

ब्राह्मी २०१० साली युनिकोडमध्ये आली. ॲ हे आपलं रोजचं अक्षर तिथे आलं २००८ साली. अक्षरांना जागा मिळायला वेळ लागतो. त्या दोन चिन्हांची जागा अजून मोकळी आहे. गेल्या मे महिन्यात वाडीत एका लग्नाला गेलो होतो. मांडवात गाणं सुरू झालं आणि त्या पाचांपैकी एक कानावर आलं. गाणाऱ्या बाई पलीकडच्या गावातून आलेल्या होत्या. मी खिशातला तक्ता काढला, त्यांच्या उच्चारासमोर तारीख आणि गावाचं नाव लिहिलं. जागा तशीच ठेवली. आणखी दोन-तीन गावांत ऐकायचं आहे.