दवाखान्याची पायरी

जबलपूर म्हटले की भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि त्यांमधून वाहणारी नर्मदा डोळ्यांपुढे उभी राहते. १७९८ ते १८१७ या काळात हे शहर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. पुढे नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी झाली आणि १९५६ पर्यंत दोन्ही शहरे एकाच कारभारात राहिली. त्यामुळे येथे स्थायिक झालेल्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या एक रीत आहे : उंबरठ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी. साधे मूल या दोन भाषांत सहज ये-जा करते. परंतु स्वमग्न मुलाला हा उंबरठाही कधी कधी ओलांडवत नाही. मग दवाखान्याचा उंबरठा तर फारच दूर राहिला.

असे एखादे मूल डॉक्टरांपुढे आल्याची कल्पना करावी. पंख्याची घरघर, दिव्याचा झगझगाट, औषधांचा उग्र वास आणि अनोळखी हाताचा स्पर्श ही सारी त्याच्यावर एकदम चालून येतात. आई घरी ‘तोंड उघड’ म्हणते, येथे ‘मुँह खोलो’ असे फर्मान सुटते. ते किंचाळते, हात झिडकारते; मग चार माणसे त्याला धरून ठेवतात. त्या दिवसाचे काम उरकते, पण पुढच्या वेळी ते मूल रस्त्याच्या वळणावरच बसकण मारते. दाताची कीड, कानातला ठणका, पोटातले दुखणे यांचा पत्ता ज्याला शब्दांनी सांगता येत नाही, त्याच्याच वाट्याला तपासणीची टाळाटाळ येते. हट्टी म्हणून दूर सारलेल्या मुलाचे खरे दुखणे असे मागेच राहून जाते.

या मुलांचे सविस्तर वर्णन १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी केले. अकरा मुलांची हकीकत सांगताना त्यांनी दोन गोष्टी टिपल्या होत्या. नित्यक्रमात झालेला लहानसा बदलही या मुलांना असह्य होई आणि मोठ्या आवाजांनी ती भयभीत होत. दवाखान्यात नेमक्या याच दोन गोष्टी घडतात. तरीही पुढली काही वर्षे विचाराची दिशा चुकली. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, या समजुतीने किती तरी मातांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी या मताचे खंडन केले. ते स्वतः अशा मुलाचे वडील होते. १९७२ पासून नॉर्थ कॅरोलायना राज्यात एरिक शॉप्लर यांनी राज्यव्यापी कार्यक्रम उभारला, त्यात तर आईबापांना उपचारातील सहकाऱ्याचे स्थान मिळाले.

भीतीच्या उपायाचा इतिहास याहूनही जुना आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या मुलाला आवडता खाऊ देत देत तो ससा दररोज थोडा जवळ आणला. शेवटी मूल सशाला हात लावू लागले. १९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी इस्पितळात एकट्या ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट घेतला. तिचे मूक दुःख पाहून इंग्लंडात खळबळ उडाली आणि १९५९ च्या प्लॅट समितीने मुलांजवळ आईबापांना येऊ द्यावे, अशी शिफारस केली. त्याच वर्षी ॲडलस्टन या दंतवैद्याने आधी सांगा, मग दाखवा, मग करा, असा तीन पदांचा धडा घालून दिला. जबलपूरचे वैद्यकीय महाविद्यालय याच सुमारास, १९५५ साली निघाले. आज ते नेताजी सुभाषचंद्र बोसांच्या नावाने ओळखले जाते.

या साऱ्यांतून जी रीत घडली, तिला यंत्र लागत नाही, धीर लागतो. पहिल्या दिवशी दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन परतावे. दुसऱ्या खेपेस बाकावर बसून यावे. नंतर डॉक्टरांची नळी मुलाने स्वतःच हाती धरावी. काय काय होणार आहे याची चित्रे ओळीने लावून आधी घरी दाखवावीत आणि एकेक गोष्ट होताच ते चित्र उलटवावे. अखेरच्या चित्रात घर असावे. गर्दी नसलेली वेळ मागून घ्यावी. डॉक्टरांनी शब्द आईकडून समजून घ्यावेत, म्हणजे मुलाला घरचीच भाषा ऐकू येईल. आणि ‘मुळीच दुखणार नाही’ असे कधी म्हणू नये. शब्दाचा अक्षरशः अर्थ घेणाऱ्या मुलाला एकदा खोटे सांगितले की पुढच्या दहा खऱ्या गोष्टी वाया जातात. ‘टोचेल, दहा आकडे मोजू, मग संपेल’ हे वचन पाळता येते.

कायद्यानेही हळूहळू पावले टाकली. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६ च्या कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत त्याला स्थान मिळाले. न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतच्या उपचारखर्चाचा विमा आहे. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने मुलांच्या वाढीतील अडचणी लवकर हेरण्याचे काम जिल्ह्याजिल्ह्यांत नेले. जबलपुरातही विशेष मुलांसाठी न्यायमूर्ती तन्खा यांच्या स्मरणार्थ संस्था उभी आहे.

तथापि कायदा मुलाला दारापर्यंतच आणतो. आत तपासणीच्या खोलीत गाठ पडते ती एक मूल, एक आई आणि एक डॉक्टर यांची. तेथे पाच मिनिटे थांबण्याची तयारी असेल, तर सक्तीचे हात लागत नाहीत. ऐंशी वर्षांच्या या इतिहासात मुले बदलली नाहीत; त्यांना कसे धरावे, या प्रश्नाऐवजी त्यांना कसे कळवावे, असा प्रश्न माणसे विचारू लागली, एवढाच काय तो बदल. पण दुखरा कान घेऊन दाराशी उभ्या असलेल्या मुलाला तेवढा बदल पुरेसा असतो.