एक्स्टेन्शन एकवीसचे वंशज

जळगावच्या दाणाबाजारातल्या पेढीच्या लेटरहेडवर ०२५७ चा एकच नंबर छापलेला असे; आत मात्र टेबलागणिक फोन. मुनीमजींचा २१, गोदामाचा २४. धुळ्याला आग्रा रोडवरच्या दुकानातही कुणाचा तरी २१ असायचाच. या दोन एकविसांची कधी गल्लत झाली नाही, कारण उंबऱ्याबाहेर २१ ला कुणी विचारतच नव्हतं. बाहेर फोन लावायचा तर आधी शून्य दाबायचं. ईपीएबीएक्स हे पेढीतलं एक्सचेंज मोकळी लाइन धरून देई आणि समोरच्याच्या लेखी फोन पेढीकडून आलेला असे.

आज त्याच दोन ठिकाणी १९२.१६८.१.२१ या पत्त्याचे संगणक बसलेले असू शकतात, आणि त्यांचीही गल्लत होत नाही. राउटर आतला पत्ता पुसून बाहेरचा लिहितो, वहीत नोंद ठेवतो आणि उत्तर आलं की नोंद पाहून ते आत पोचवतो. याला नॅट म्हणतात. टेलिफोन आणि नॅट यांचं हे नुसतं साम्य नाही, रक्ताचं नातं आहे, हा माझा दावा.

धुळं हे राजवाडे संशोधन मंडळाचं गाव. इथे वंशावळ सांगायची तर आधी कागद दाखवावा लागतो. नुसत्या साम्यावरच भागवायचं, तर पांझरेकाठची फडपद्धतही फायरवॉलची, म्हणजे नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकऱ्याची, आजी ठरेल. तिथे शेतकऱ्याने आपल्या हाताने पाट फोडायचा नाही. पाणी कुठे आणि कधी सोडायचं ते पाटकरी आणि जागल्या ठरल्या नियमाने पाहणार. चित्र झकास जुळतं. पण पांझरेवरून कॅलिफोर्नियाला कुणी काही नेल्याचा कागद नाही, तेव्हा आजी म्हणून तिला वंशावळीत जागा नाही.

टेलिफोनचा कागद मात्र आहे, आणि तो चक्क नावातच. १९९४ मध्ये जॉन मेयस आणि ब्रँटली कॉइल यांच्या नेटवर्क ट्रान्सलेशन नावाच्या छोट्या कंपनीने पत्ते बदलणारी एक पेटी आणली. तिचं नाव पिक्स, म्हणजे प्रायव्हेट इंटरनेट एक्सचेंज. कचेरीतल्या खासगी टेलिफोन एक्सचेंजला पीबीएक्स म्हणतात; तेच काम इंटरनेटसाठी करणारी पेटी त्यांना हवी होती. १९९५ च्या अखेरीस सिस्कोने ही कंपनी विकत घेतली आणि पिक्स घरोघरी नाही तरी कचेरीकचेरीत पोचली.

कामाची रीतही टेलिफोनचीच. सुरुवातीचं नॅट सगळ्यांना एकाच पत्त्यावर बसवत नसे. संस्थेकडे बाहेरचे मोजके पत्ते असत. आतला संगणक बाहेर निघाला की त्यातला एक मोकळा पत्ता त्याच्या नावे लागे, काम संपलं की परत. चार लाइनी आणि तीस एक्स्टेन्शनं, हाच तो हिशेब.

यावर प्रतिपक्ष तगडा आहे. पॉल फ्रान्सिस यांनी टोनी एंग यांच्यासोबत जानेवारी १९९३ मध्येच पत्ते पुन्हा पुन्हा वापरण्याची कल्पना छापली होती. मे १९९४ मध्ये क्येल्ड एगेवांग आणि फ्रान्सिस यांचा आरएफसी १६३१ हा दस्तऐवज आला. त्यांना काळजी होती पत्ते संपण्याची: ३२ बिटांत जेमतेम ४२९ कोटी पत्ते मावतात. कागदाच्या तारखेने पाहिलं तर मान त्यांचा, यात वाद नाही. पण कल्पनेचा वंश वेगळा आणि विकत मिळणाऱ्या पेटीचा वेगळा. पेटीच्या आजोळी टेलिफोनच निघतो.

हे आजोळ एका पत्त्यावर वीस जण बसवायची वेळ आली की संपतं. टेलिफोनच्या एका लाइनीवर वीस स्वतंत्र संभाषणं चालत नसत. लिनक्समधल्या मास्करेडिंगने ती चालवली, पोर्ट क्रमांक बदलून: प्रत्येक संभाषणाला ६१००० च्या वरचा एक पोर्ट. २००० च्या आसपास गावोगावचे सायबर कॅफे एका डायल-अपवर पाच-सहा संगणक चालवत, ते याच युक्तीवर किंवा तिच्या विंडोजमधल्या भावंडांवर.

लिनक्समध्ये असे नियम चालवणाऱ्या प्रोग्रॅमांच्या पिढ्या भराभर: आयपीएफडब्ल्यू, आयपीचेन्स, २००१ मध्ये आयपीटेबल्स, २०१४ मध्ये एनएफटेबल्स. थांबावं ते ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या भांडणापाशी. २००१ मध्ये डॅरन रीड यांच्या आयपीफिल्टरच्या परवान्यावरून वाद झाला, तो प्रोग्रॅम बाहेर काढला गेला आणि डॅनियल हार्टमायर यांनी पीएफ नव्याने लिहिला. कोड नवा, पण वळण जुन्या घराण्याचंच राहिलं: नियमांच्या यादीतला जुळणारा शेवटचा नियम खरा, मध्ये ‘क्विक’ लिहिलं असेल तरच तिथे थांबायचं. आयपीटेबल्समध्ये निकाल देणारा पहिला जुळणारा नियम खरा. म्हणून आयपीटेबल्सवर हात बसलेला माणूस पीएफमध्येही ‘सगळं अडवा’ हे तळाशी लिहितो आणि अख्ख्या कचेरीचं इंटरनेट बंद पाडतो. पीएफमध्ये तो नियम सर्वांत वर हवा.

आता नॅट म्हणजेच फायरवॉल, या समजाकडे. पीबीएक्सची ऑपरेटर बाहेरून आलेला अनोळखी फोनही उचलायची. नॅटच्या वहीत नोंद नसलेल्या पाकिटाला आतला धनीच सापडत नाही, म्हणून ते वाया जातं. हा आडोसा आपसूक मिळालेला आहे. मेयस आणि कॉइल यांनी १९९५ मध्ये जे पेटंट मागितलं, तेच मुळी पत्ते बदलणाऱ्या यंत्रणेसाठीच्या सुरक्षा व्यवस्थेचं होतं. पत्ता बदलणं पुरेसं असतं तर सुरक्षेचा वेगळा कागद कशाला? राउटरच्या बाहेरच्या बाजूला, त्याच तारेवर बसलेल्याने थेट १९२.१६८ चं पाकीट धाडलं, तर निव्वळ नॅट ते आत जाऊ देऊ शकतं. म्हणून नियम वेगळे लिहायचे: चालू संभाषणाची उत्तरं येऊ द्या, आतून निघालेलं नवं जाऊ द्या, बाकी अडवा.

या घराण्याची ताजी पिढी इंटरनेट कंपन्यांच्या दारात आहे. एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते खास त्यांच्या नॅटसाठी राखून ठेवले गेले. म्हणजे एक्स्टेन्शनच्या आत एक्स्टेन्शन. रावेरच्या केळीबागेतला कॅमेरा जळगावात बसून दिसत नसेल, तर बागेतल्या राउटरवर पोर्ट उघडत बसण्याआधी त्याचा बाहेरचा पत्ता पाहावा. तो या टप्प्यातला असेल, तर अडसर कंपनीच्या वहीत आहे. कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घ्यावा किंवा आयपीव्ही६ कडे वळावं. तिथे पत्त्यांना तोटा नाही, त्यामुळे सहसा नॅटही नाही, आणि नॅटचा फुकटचा आडोसाही नाही. कॅमेऱ्यासाठी दार उघडण्याआधी अडवण्याचा नियम स्वतः लिहावा लागेल.