ऊर्जा आणि समता

ऑस्ट्रियात जन्मलेले विचारवंत इव्हान इलिच (१९२६–२००२) यांचा वाहतूक, वेग आणि विषमता यांवरचा निबंध. त्याचे पहिले रूप १९७३ मध्ये पॅरिसच्या ‘ल माँद’ दैनिकात आले, इंग्रजी पुस्तक १९७४ मध्ये. दरम्यान अरब देशांनी तेल रोखले आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. तेल किती दिवस पुरेल, हीच तेव्हा सर्वांना काळजी. इलिच यांना मात्र ते पुरण्याचीच धास्ती होती: स्वस्त, स्वच्छ ऊर्जा मुबलक मिळाली, तरी ठरावीक मर्यादेपलीकडे तिचा वापर विषमताच वाढवील, असे त्यांचे म्हणणे.

हे कसे, ते वाहतुकीत दिसते. गाड्यांसाठी रस्ते रुंद झाले, की शाळा, बाजार, नोकरी सगळेच लांब जाते. मग पायी जाणाऱ्याचे पाय असून नसल्यासारखे. मूठभरांचा वाचलेला वेळ बाकीच्यांच्या दिवसातून वजा होतो. यावर त्यांनी मांडलेले गणित आजही खिजवते. तेव्हाचा सरासरी अमेरिकन पुरुष वर्षाला १,६०० तास गाडीपायी घालवत असे. त्यांत गाडी चालवणे, पार्किंग शोधणे आणि हप्ते, पेट्रोल, विमा, दंड यांसाठी राबणे सारे आले. एवढ्या वेळात कापलेले अंतर सुमारे १२,००० किमी. म्हणजे ताशी जेमतेम साडेसात किलोमीटर!

इलिच यांची पसंती सायकलला. चालण्याच्या तिप्पट-चौपट वेग, आणि तेवढ्याच अंतराला ऊर्जा पाचपटीने कमी. वाहनांचा वेग ताशी २५ किमीच्या आसपास रोखावा, असे त्यांनी सुचवले.

मुंबईत २००९ साली खुला झालेला वांद्रे–वरळी सागरी सेतू त्यांच्या मांडणीत चपखल बसतो. दुचाकी, रिक्षा आणि पादचाऱ्यांना तेथे मज्जाव आहे. २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या सागरी किनारा मार्गावरही दुचाकीला प्रवेश नाही.

लोकलपाशी मात्र ही मांडणी अडखळते. सार्वजनिक वाहतुकीलाही इलिच वेगाच्या अटीतून सूट देत नाहीत. विरार–चर्चगेट फास्ट लोकल त्यांची मर्यादा सहज ओलांडते, तरी तिच्या स्वस्त पासावर तुटपुंज्या पगाराचा माणूस ६० किमीवरची नोकरी धरून राहतो. अर्थात, त्याला घर इतक्या लांब का घ्यावे लागले, असे इलिच यांनी विचारलेच असते.