पाच वर्षं, चौसष्ट अध्याय

मॅट्रिकला गणितात मी दुसऱ्यांदा आपटले, तेव्हा आई काही बोलली नाही. ट्रंकेतून कापडात गुंडाळलेलं ‘स्मृतिचित्रे’ काढून तिनं माझ्यापुढे ठेवलं आणि भाकऱ्या थापायला बसली. आम्ही राहुरीचे. लक्ष्मीबाई टिळकांनी आमच्या गावातले दिवस या आत्मचरित्रात लिहिलेत, त्यामुळे त्या आमच्या घरात नात्यातल्यासारख्याच.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत टिळकांची गोष्ट निघाली की पाळकसाहेब १० फेब्रुवारी १८९५ पासून सुरुवात करतात. त्या दिवशी लक्ष्मीबाईंचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आई दुसऱ्या टोकाकडून सांगायची. नवरा बाटला, पदरात लहानगा मुलगा दत्तू, आणि ही बाई जवळजवळ पाच वर्षं माहेरच्या माणसांत, काही काळ पंढरपुरात. नवऱ्याचा रागही येत होता नि जीवही तुटत होता. पुढे नगरला आल्या, पण सोवळ्यासकट. चूल वेगळी, पाणी वेगळं. हे लक्षात घ्या, त्या नव्या देवावर विश्वास ठेवून आल्या नव्हत्या, नवऱ्यासाठी आल्या होत्या. जातीचा पीळ नंतर सुटला, तोही कुणी वादात हरवलं म्हणून नाही, स्वतःच्या मनाशी घोळवून. बाप्तिस्मा १९०० सालचा. इकडे नगर जिल्हा तेव्हा दुष्काळात होरपळत होता.

“देव कधी उशीर करत नाही,” असं प्रार्थनेत कुणी म्हटलं की आई हळूच पुटपुटायची, “करतो की.”

टिळकांचं अपयशही आम्ही झाकून ठेवतो. माणूस मोठा, त्यांची गीतं दर रविवारी आमच्या तोंडी. पण संतापी. नोकरी धरली की सोडलीच, आणि पैसा हातात आला की दुसऱ्याला गेला. घर सावरायचं बाईनं. त्याच घरात बालकवी ठोंबरे मुलासारखे राहून गेले, त्यांचेही रुसवेफुगवे लक्ष्मीबाईंनीच काढले. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले नि न घेतलेले ख्रिस्तभक्त एका पंगतीला बसावेत, ही कल्पना. माझ्या मते त्यांच्या साऱ्या उद्योगांत हाच सर्वांत धाडसाचा होता. ९ मे १९१९ ला टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही.

मागे राहिलं ‘ख्रिस्तायन’. महाकाव्य म्हणून हाती घेतलेलं, थोडेच अध्याय झालेले. लक्ष्मीबाई शाळेत कधी गेल्या नव्हत्या, जोडाक्षरं त्यांना आयुष्यभर छळत राहिली. त्यांनी पुढचे ६४ अध्याय लिहिले. नवऱ्याचं अर्धवट काम बायकोनं पुरं केलं, असं याचं कौतुक होतं. मला ते कौतुक अपुरं वाटतं. चौसष्ट अध्याय लिहिणारी बाई कुणाचं उरलंसुरलं काम करत नसते.

(गणितात मी तिसऱ्या खेपेला काठावर सुटले. आईनं तेव्हाही पुस्तक परत मागितलं नाही.)

लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी वारल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून आलं १९३८ मध्ये.