ऐंशी रकान्यांचे कार्ड

पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे महाल पोर्तुगीज अमदानीत 'नव्या काबिजादी'त मोडत. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर या भागातली मराठी शिकलेली कितीतरी मुले नोकरीसाठी मुंबईला गेली. कोणी गिरणीत लागला, कोणी बँकेत, कोणी सरकारी कचेरीत. काही थोडे संगणकाच्या थंडगार खोलीत शिरले. पहिल्या साऱ्यांविषयी आपल्या घरांत पुष्कळ बोलले जाते. या शेवटच्या मंडळींविषयी फारसे नाही. म्हणून हा लेख.

गोमंतकाचा या यंत्राशी संबंध त्याही आधीचा आहे. गोव्यात 1907 साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी आपल्याला इतिहासकार म्हणून ठाऊक आहेत. पण ते मुळात गणिती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना 1948-49 मध्ये इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रांच्या अभ्यासासाठी ते इंग्लंड-अमेरिकेला गेले होते. त्याच संस्थेत 1960 साली 'टिफ्रॅक' हा देशात बांधलेला संगणक चालू लागला आणि 1964 साली तिथे सीडीसी 3600 हे मोठे यंत्र आले. त्याच वर्षी आयबीएमने सिस्टिम 360 जाहीर केली. बँका आणि विमा कंपन्यांचे हिशेब पुढे अनेक दशके ज्या मेनफ्रेमवर चालले, त्यांचे हे मूळ घराणे.

या यंत्रांना काम सांगायचे ते पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोके पाडून. आयबीएमच्या कार्डाला 1928 पासून 80 रकाने. एका रकान्यात एक अक्षर. शेकडो कार्डांचा गठ्ठा ठरलेल्या क्रमाने कार्ड-रीडरमध्ये ठेवायचा. एक कार्ड पुढेमागे झाले तरी काम फसले. डिचोलीचे आमचे एक काका मुंबईत हेच काम करत. घरच्यांना ते 'कार्डे वाचतो' एवढेच सांगत, त्यामुळे ते ज्योतिषी आहेत असा आजीचा बरीच वर्षे समज होता.

1972 साली आयबीएमने व्हीएम/370 बाजारात आणली. या व्यवस्थेत एकाच मेनफ्रेमच्या पोटात अनेक आभासी यंत्रे नांदतात आणि प्रत्येकाला आपापला आभासी कार्ड-रीडर, कार्ड-पंच आणि प्रिंटर मिळतो. पुढे पुठ्ठ्याची कार्डे इतिहासजमा झाली. 1978 मध्ये आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला आणि तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. पण पोटातला तो रीडर मात्र जागचा हलला नाही.

डिसेंबर 1999 मध्ये मेनफ्रेमसाठीचा लिनक्सचा कोड आयबीएमने खुला केला. त्यानंतर काही वर्षांनी मुंबईत एका बँकेच्या यंत्रशाळेत लिनक्स बसवण्याचे काम आम्हा तिघांकडे आले. दोघे पेडण्याचे, एक डिचोलीचा. आभासी यंत्राला सीडी घालायला खाच नसते. सारे नेटवर्कवरून आणायचे. पण नेटवर्क सुरू व्हायलाच आधी यंत्रणेचा एक तुकडा आत जावा लागतो. तो जातो कार्ड-रीडरमधून: आधी कर्नल, मग सूचनांची छोटी फाइल, मग तात्पुरती स्मृति-डिस्क. तीन गठ्ठे, याच क्रमाने.

चवथ चार दिवसांवर आली होती, कोकण रेल्वेची तिकिटे खिशात होती आणि यंत्र मुके. आम्ही केबल तपासली, पत्ते तपासले, नेटवर्क-कार्डाचे तिन्ही क्रमांक तपासले. दोन रात्री गेल्या. शेवटी डिचोलीला फोन लावला. काका माटोळी बांधायच्या तयारीत होते. त्यांनी आयुष्यात लिनक्स पाहिले नव्हते.

"पडद्यावर पहिली ओळ तरी उमटली काय रे?"

"नाही काका."

"मग नेटवर्क कसलं तपासता? गठ्ठाच आत गेलेला नाही. रीडर आधी रिकामा केलात? गठ्ठ्याच्या माथ्यावर नावाचं कार्ड राहिलंय काय बघा."

राहिले होते! व्हीएममधली पंचाची आज्ञा, वेगळे सांगितले नाही तर, प्रत्येक फाइलच्या आधी ओळखीचे एक कार्ड आपणहून जोडते. यंत्र तेच कार्ड कर्नल समजून वाचत होते. आम्ही रीडर साफ केला, नावाचे कार्ड वगळून तिन्ही गठ्ठे पुन्हा पाठवले आणि ओळी धावू लागल्या. पण स्मृति-डिस्कपाशी पुन्हा थबकल्या. पुन्हा फोन.

"ती फाइल मजकूर म्हणून पाठवलीत की जशीच्या तशी?"

मेनफ्रेमची अक्षरलिपी आपल्या साध्या संगणकाहून वेगळी. मजकूर म्हणून पाठवले की वाटेत लिप्यंतर होते. सूचनांच्या फाइलला ते हवेच असते. बाकीच्या दोन फायलींचा मात्र त्याने चुराडा होतो. त्या दोन्ही जशाच्या तशा, 80-80 बाइट्सचे तुकडे करूनच जायला हव्यात. 80 का, हे काकांना सांगावे लागले नाही. तिसरी चूक आमची आम्हीच पकडली: नेटवर्क-कार्डाच्या वाचन, लेखन आणि डेटा या तीन क्रमांकांतले दोन सूचनांच्या फाइलमध्ये उलटसुलट टंकले गेले होते. तपासताना आम्ही तीनच्या तीन क्रमांक मोजले होते, क्रम पाहिला नव्हता. पहाटे नेटवर्क जिवंत झाले आणि बाकीची यंत्रणा आपोआप उतरू लागली. चवथीला आम्ही घरी होतो.

आम्ही दोन रात्री नेटवर्क तपासत होतो, कारण आम्हाला तेवढेच ठाऊक होते. काकांनी खालून सुरुवात केली: कुठवर पोचले, तिथे काय अडले, मग पुढचे. ही रीत कुठल्या पुस्तकात त्यांनी वाचली नव्हती. हातातून सांडलेले गठ्ठे पुन्हा लावता लावता ती अंगी मुरली होती.

त्या पिढीतले बहुतेकजण आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या वह्या अजून माळ्यावर असतील. जुनी कार्डे पोथीत खूण म्हणून घातलेली सापडतील. आपल्या मंडळातल्या कोणाच्या घरी असे आजोबा, काका असतील, तर या चवथीला आरती झाल्यावर त्यांच्यापाशी तासभर बसा. ते कार्डे कशी वाचत, ते विचारा आणि लिहून ठेवा. आम्ही काकांना विचारले ते अडल्यावर, आणि तेही फोनवर.