दत्तक : देणारा हात कोणाचा?

दत्तक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झाशी उभी राहते. नोव्हेंबर १८५३मध्ये मृत्युशय्येवरच्या गंगाधररावांनी आनंदरावाला दत्तक घेतलं, त्याचं नाव दामोदरराव ठेवलं आणि डलहौसीनं ते दत्तक नामंजूर केलं. साताऱ्यातही १८४८मध्ये हेच झालं होतं. शाळेत आपण हा इतिहास राज्याचा म्हणून शिकतो. आज तो मुलाच्या बाजूनं बघू या.

तेव्हा प्रश्न होता, गादीला वारस कोण? म्हणजे घराला मूल नाही, म्हणून मूल शोधायचं. मुलाला घर नाही, म्हणून घर शोधायचं, ही गोष्ट जुन्या दत्तकविधानात बसतच नव्हती. का? दत्तक म्हणजे दिलेला. देण्याचा अधिकार आईबापांचा. मग ज्याला आईबापच नाहीत, त्याला देणार कोण? त्यामुळे अनाथ मूल सर्वसाधारण नियमानं दत्तक जाऊ शकत नसे. ज्याला घराची सगळ्यांत जास्त गरज, नेमकं त्यालाच दार बंद!

या दाराला पुण्यात धक्का बसला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनी इथं गुपचूप बाळंत व्हावं, पण मूल मारू नये, हा हेतू. काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी १८७४मध्ये दत्तक घेतला. जात पाहिली नाही, कूळ विचारलं नाही. यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७च्या प्लेगात मायलेक दोघंही रुग्णांसाठी झटले.

पण प्रत्येक मुलाला फुले भेटत नाहीत. पंढरपुरात १८७५मध्ये प्रार्थना समाजाच्या मंडळींनी टाकून दिलेल्या मुलांसाठी बालकाश्रम सुरू केला. मुलं जगली, हे काम लहान नाही. तरी मूल जगवणं आणि मुलाला कुटुंब मिळणं, यांत अंतर राहतंच.

स्वातंत्र्यानंतर १९५६चा हिंदू दत्तक कायदा आला. मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. पण टाकलेल्या मुलाची अडचण सुटली ती १९६२च्या दुरुस्तीनं. आईबापांनी सोडलेलं किंवा आईबाप माहीतच नसलेलं मूल न्यायालयाच्या परवानगीनं पालकत्व असणाऱ्याला देता येऊ लागलं. कायद्यात चार शब्द वाढले आणि टाकलेल्या मुलालाही देणारा हात मिळाला.

पुढे १९८४मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं परदेशी दत्तकाला शिस्त लावली : आधी देशातलं घर शोधा, मग बाहेरचं. बालन्याय कायद्यानं धर्माची अटही ओलांडली. आज हा देणारा हात बालकल्याण समितीचा आहे. सोडून दिलेल्या मुलाचे आईबाप शोधायचे. दोन वर्षांपर्यंतचं मूल असेल तर दोन महिन्यांत आणि मोठं असेल तर चार महिन्यांत ते दत्तकासाठी मोकळं जाहीर करायचं, असं २०१५चा कायदा सांगतो.

मग मुलं अजून थांबलेली का? एक कारण कागदाचं. आईबाप नावापुरते आहेत, भेटायला मात्र कोणी येत नाही. अशा मुलाचा निर्णय लटकत राहतो आणि मूल मोठं होतं. दुसरं कारण आपलं. तान्ह्या, निरोगी बाळासाठी पालक वर्षानुवर्षं रांगेत असतात आणि आठ-दहा वर्षांचं मूल, एकत्र राहू पाहणारी भावंडं, आजारी मूल संस्थेतच राहतं. आपल्याला अजूनही वारस हवा असतो, बरं का!

कायद्यानं देणारा हात शोधायला शंभराहून जास्त वर्षं लावली. आता अडलंय ते घेणाऱ्या हातापाशी. दामोदररावाला काय हवं होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. आजच्या दहा वर्षांच्या मुलाला मात्र ते विचारलं जातं. त्याचं उत्तर ऐकायला दारात कुणीतरी उभं असायला हवं, एवढंच.