रिलीव्हर येईपर्यंत



रायपूरला बदली झाली तेव्हा ठरवलं होतं, नागपूरकर भोसल्यांच्या या जुन्या मुलखावर एक लेख लिहायचा. तो राहिला. लिहायला बसलोय ते एका पायाच्या तळव्यावर.

रायपूरला लागूनच बीरगांव आहे. बाजूला उरल्याची औद्योगिक वसाहत. रोलिंग मिल, स्पंज आयर्नचे कारखाने, ट्रकांच्या रांगा. तिथल्या एका फाटकावर सिक्युरिटीच्या वर्दीत सातारकडचे एक रिटायर्ड हवालदारसाहेब भेटले. उभं राहण्याची ढब बघूनच ओळखलं, हा गडी आपला. मुलगा मिलमध्ये कामाला, म्हणून पेन्शनीनंतर इकडे आले. रात्रपाळी करतात.

त्यांच्या बुटात एक खिळा वर आला होता. मधुमेहामुळे तळव्याची जाणीव गेलेली, त्यामुळे टोचलेलं कळलंच नाही. मोजा रक्तानं चिकटला तेव्हा समजलं. ती जखम सात महिने भरेना. रोज पट्टी, रोज पाणी. शेवटी एका सर्जननं मेलेलं मांस काढलं, साखर आटोक्यात आणली, पायावर भार द्यायचा नाही अशी सक्त ताकीद दिली. जखम स्वच्छ झाली, पण कडा पुढं सरकेनात. तेव्हा डॉक्टर म्हणाले, टिश्यू बँकेतून आलेला पातळ पडदा लावून बघू. बाळंतपणात वारेबरोबर येणारा.

साहेब उखडले. "दुसऱ्याच्या अंगाचं काही माझ्या अंगावर नको. आपल्यात असलं कधी झालंय का?"

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता हा लेख झाला.

आपल्यात झालंय, पण ते स्वतःच्या कातडीचं. इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा बैलगाडीवाला होता. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून परत आला. पुढं पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बनवलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते बघितलं आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याची हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जननं १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. त्यातला एक रुग्ण सैन्यातलाच अधिकारी होता. कपाळाची कातडी एका देठानं जोडलेली ठेवायची, तिला रक्त मिळत राहतं, आणि ती नव्या जागी रुजते. कातडी त्याचीच, अंगही त्याचंच.

मग दुसऱ्याची कातडी रुजते का? इथंही पहिली आठवण फौजीच निघाली. सप्टेंबर १८९८ मध्ये सुदानमधल्या ओमदुर्मानच्या लढाईत रिचर्ड मॉलिनो या तरुण अधिकाऱ्याच्या मनगटावर तलवारीचा खोल वार बसला. त्याच्यासाठी त्याच्या मित्रानं आपल्या हाताची शिलिंगच्या नाण्याएवढी कातडी कापून दिली, तीही भूल न घेता. तो मित्र म्हणजे विन्स्टन चर्चिल. १९३० मध्ये आत्मचरित्रात त्यांनी लिहिलं की ती कातडी मॉलिनोच्या हातावर अजून आहे. दोस्तीला सलाम, पण आजच्या ज्ञानाप्रमाणे हे शक्य वाटत नाही. चर्चिलच्या कातडीनं काही दिवस जखम झाकली असेल आणि तिच्या आडोशानं मॉलिनोची स्वतःची कातडी वाढली असेल.

हे कोडं सुटलं दुसऱ्या महायुद्धात. भाजलेल्या वैमानिकांमुळे ब्रिटनमध्ये कातडीचा प्रश्न ऐरणीवर आला होता. ग्लासगोच्या इस्पितळात पीटर मेडावर आणि सर्जन थॉमस गिब्सन यांनी एका भाजलेल्या बाईला तिच्या भावाची कातडी लावली. काही दिवस ती टिकली, मग गळाली. त्याच भावाची कातडी पुन्हा लावली, तर ती आणखी लवकर गेली. म्हणजे शरीरानं परक्याला एकदा ओळखलं की पुढच्या वेळी ते तयारीत असतं. सख्खा भाऊसुद्धा शरीराच्या लेखी परकाच. हे १९४३ मध्ये प्रसिद्ध झालं आणि या वाटेवरच्या कामासाठी मेडावर यांना १९६० चं नोबेल मिळालं.

मला वाटलं, संपला विषय. दुसऱ्याची कातडी टिकतच नाही, तर घ्यायची कशाला?

पण डॉक्टरांनी उलटा विचार केला. टिकणार नाही, हे धरूनच वापरायची. मोठा भाजलेला माणूस पहिल्या दिवसांत उघड्या अंगातून पाणी झिरपल्यानं आणि जंतू शिरल्यानं दगावतो. तेवढे दोन-तीन आठवडे दान केलेली कातडी त्याला झाकते, वेदना कमी करते. तोवर त्याची स्वतःची कातडी लावायची तयारी होते. म्हणजे काय, तर रिलीव्हर येईपर्यंत पोस्ट धरून ठेवायची.

अमेरिकी नौदलानं १९४९ मध्येच टिश्यू बँक काढली. आपल्याकडे मुंबईच्या सायन इस्पितळात डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकारानं २००० मध्ये त्वचापेढी सुरू झाली. आणि जून २०२४ मध्ये दिल्लीच्या आर्मी हॉस्पिटल, आर अँड आर मध्ये आपल्या सैन्यदलांची पहिली त्वचापेढी उघडली. ही बातमी युनिटमध्ये किती जणांनी वाचली, कोण जाणे.

आता साहेबांच्या पडद्याकडे वळू. बाळ पोटात ज्या पाणमोटीत असतं, तिचं आतलं आवरण म्हणजे हा पडदा. कागदाहून पातळ. त्यात रक्तवाहिन्या नसतात, आणि शरीर त्याच्यावर सहसा चाल करून जात नाही. तो जखमेला चिकटतो, ओल राखतो, आणि त्यातली द्रव्यं थांबलेल्या कडांना वाढीची चालना देतात. अमेरिकेत १९१० पासून डॉक्टरांनी हे आवरण वापरून पाहिलं होतं. अडचण होती ती साठवणुकीची आणि संसर्गाची. मुंबईच्या टाटा मेमोरियल इस्पितळात १९८८ मध्ये टिश्यू बँक सुरू झाली, तिनं यावर उपाय राबवला. आईच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ वगैरेंसाठी तपासणी, मग पडदा धुऊन, सुकवून, पाकीटबंद करून गॅमा किरणांनी निर्जंतुक करणं. अणुशक्तीचा एवढा शांत उपयोग मी तरी दुसरा ऐकला नव्हता. कॅन्सरवरच्या रेडिएशननं झालेल्या, न भरणाऱ्या जखमांवरही तिथं हा पडदा वापरला गेला.

हे सगळं मी फाटकावर उभ्याउभ्या साहेबांना सांगितलं. नाकाची गोष्ट आवडली, चर्चिलला ते हसले. पण पटलं ते रिलीव्हरचं. रात्रपाळीचा माणूस तो.

मग जरा वेळानं म्हणाले, "वार तर आमच्याकडं परसात पुरायचे. माझ्या दोन्ही पोरांची मीच पुरलीय."

"तीच, साहेब. इथं कुणीतरी पुरायच्या आधी दिली."

त्यांनी होकार दिला. सात-आठ आठवड्यांत जखम मिटली. सगळं श्रेय पडद्याला देऊ नका. साखर, स्वच्छता आणि पायावर भार न देणं, हे नसतं तर कुठलाच पडदा चालला नसता. रक्तपुरवठाच बंद असेल तर आधी त्याचा इलाज लागतो. साहेबांनी विचारलं, ती बाई कोण? डॉक्टर म्हणाले, आम्हालाही नाव माहीत नसतं. साहेबांनी हात जोडले आणि एवढंच म्हणाले, "तिच्या लेकराला उदंड आयुष्य मिळो."

पेन्शनर मंडळींसाठी दोन गोष्टी. मधुमेह असेल तर रोज रात्री आरशात तळवे बघा आणि सकाळी पाय घालण्याआधी बूट झटका. आपण वाळवंटात विंचवासाठी झटकायचो, तसेच. दुसरं म्हणजे त्वचादान. मृत्यूनंतर ६ तासांच्या आत, मांड्यांची आणि पाठीची फक्त वरची पातळ कातडी घेतात. रक्तगट जुळावा लागत नाही. चेहऱ्याला हात लावत नाहीत. ग्लिसरॉलमध्ये ती ४ अंशांवर पाच वर्षांपर्यंत राहते. पण फोन करायचा असतो घरच्यांनी, म्हणून सांगून ठेवायचं आपण, आत्ताच.

मी बायकोला सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझंही लिहा."

जय हिंद.